प्रत्यक्ष पाहणी

फोटोत लाभार्थी हवा, यंत्र हवं,
यंत्रावरचा नंबर वाचता यायला हवा,
आणि खाली अक्षांश-रेखांश.
पुण्याला माझ्याकडून एवढंच हवं असतं.
मी कृषी सहायक. चार गावं, एक स्कूटी,
डिकीत मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, त्यांच्यातच डबा.

पहिला फोटो कामथ्यांच्या ओट्यापुढं.
लाल कडबाकुट्टी, नुकतीच धुतलेली,
झेंडूचा हार, पत्र्यावर हळदीचं स्वस्तिक.
बाजीराव कामथे टोपी नीट करून उभे राहिले,
लग्नात व्याह्याशेजारी उभे राहावेत तसे.
म्हटलं, जरा डावीकडे सरका, नंबर झाकतोय.

दुसरा कुंजीरांकडे, सीताफळाच्या बागेच्या कडेला.
लाल कडबाकुट्टी. हार.
पत्र्याला उजव्या अंगाला एक पोचा,
पडलेल्या पातेल्याला असतो तसला.
कामथ्यांकडेही होता.
असेल म्हटलं, एकाच कारखान्यात
एकच हातोडा पडत असेल सगळ्यांवर.

तिसऱ्या घरी हार कोमेजलेला.
चौथ्या घरी नुसता दोरा,
आणि नंबराच्या पट्टीवर हळद घट्ट वाळलेली.
"पूजा केली ना मॅडम," सुदाम खेसे म्हणाला,
"आता पुसायची तर देवाची पुसायची."
मी त्याच्या गोठ्यात डोकावले.
गोठ्यात मोटारसायकल होती.

पाचव्या घरी यंत्रच नव्हतं.
"येतेय," म्हणाले, "वळणावर आहे."
इतक्या मायेनं येतेय म्हणतात
ते माहेरवाशिणीला.
आली. पुन्हा धुतली. काढला फोटो.

तेव्हा मला हौसाबाई पोमण आठवली.
दिवाळीआधी तिचा अर्ज मीच परत पाठवला होता.
शेरा माझ्याच हातचा: पूर्वसंमतीपूर्वी खरेदी, अपात्र.
सोडतीत नाव निघेपर्यंत थांबायचं असतं,
मग पत्र येईपर्यंत, मग दुकानात जायचं असतं.
हिनं वाटाण्याचे पैसे हातात आले तशी
सासवडला जाऊन आणली.
"म्हशींना सोडत कळत नाही बाई," म्हणाली होती,
आणि पावतीची घडी पुन्हा कमरेला खोचली होती.

दिवेलागणीला तिच्याकडे गेले.
दारात टेम्पो. दोन पोरं फळी लावून उतरवत होती
लाल कडबाकुट्टी, पोचा माझ्याकडं करून.
हौसाबाईनं मला पाहिलं.
पोरांना म्हणाली, सावकाश.
मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं.

"फोटोला तीन हजार." मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं.
"टेम्पो त्यांचा, हार त्यांचा.
पोचा कामथ्यांनी पाडला, त्याचे दोनशे वेगळे."
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून थांबली.
"कोडीतची दोघं विचारतायत अजून.
ती झाली की सरकारनं द्यायचं ते मला पोचलं."

म्हटलं, मावशी, हे बरोबर नाही.
"नाही ना," ती म्हणाली,
अगदी माझ्या बाजूनं.

मग वायर लावली, बटण दाबलं.
"पाच घरं हिंडून आली,
एकानं पेंढी घातली नाही तिच्यात.
बघा धार. दुकानातल्यासारखी."
मक्याची ताटं आत ओढली गेली, खच्च खच्च,
गोठ्यातल्या दोन्ही म्हशींनी माना वळवल्या,
आणि आम्ही जे बोलणार होतो
ते त्या आवाजात राहून गेलं.

स्कूटीपाशी येऊन फोन उघडला.
पाच प्रस्ताव मसुद्यात आहेत. सादर करायचे?
खाली हो. खाली नाही.
तालुक्याला उद्या अकरापर्यंत पाहिजेत.

ओढणीवर, केसांत हिरवा भुसा उडालेला.
झटकला होता मी घरी आल्यावर.
तरी रात्री उशीवर एक काडी निघाली,
ओली, दोन्ही टोकांना सरळ कापलेली.